जुन्या मोटारीचे मीटर: आधी निदान, मग पेचकस

जुनी मोटार पूर्ववत करायला घेतलेला माणूस रंगावर, क्रोमवर आणि सीटच्या कापडावर हात सैल सोडून खर्च करतो, पण डॅशबोर्डपाशी आला की एक तर सगळे मीटर उपटून कुणाच्या तरी हवाली करतो, नाही तर स्वतःच ते उघडून चकचकीत करायला बसतो. दोन्हींत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे मीटरला नेमके झाले काय आहे हे पाहणे. काटा चुकीचे दाखवतो तेव्हा दोष बहुतेक वेळा मीटरच्या बाहेर असतो: सुकलेल्या केबलमध्ये, गंजलेल्या ‘अर्थ’मध्ये (प्रवाह बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीमध्ये), टाकीतल्या झिजलेल्या फ्लोटमध्ये (इंधनाची पातळी सांगणाऱ्या तरंगत्या भागामध्ये) किंवा व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या एका छोट्या डबीमध्ये. त्यामुळे या लेखातला क्रम थोडा उलटा वाटेल. मीटर उघडण्याची पाळी निम्मा लेख झाल्यावर येते आणि क्रोमची तर अगदी शेवटी.

येथे डोळ्यांसमोर आहेत त्या अँबेसेडर, प्रीमिअर पद्मिनी, स्टँडर्ड हेराल्ड आणि जुन्या जीप, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कापडाखाली अजूनही आढळणाऱ्या गाड्या. यांतल्या प्रत्येकीच्या डॅशबोर्डची मांडणी वेगळी आहे, शिवाय एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पुरवठादार बदललेले दिसतात; पण आतली तत्त्वे मोजकीच आहेत आणि ती समजली की बाकीचे हाताला येते.

मुहूर्ताबद्दल आधीच सांगतो. हे काम दसऱ्यानंतर सुरू करून होळीच्या आत संपवावे. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर असलेल्या ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये उघडलेला मीटर आठवडाभर टेबलावर राहिला तर त्याच्या बारीक पोलादी भागांवर तांबूस डाग पडतात आणि दमट हवेत बंद केलेली काच पुढे आतून धुरकट होते. पावसाळ्यात करणे भागच असेल तर खोली बंद करून एसी लावावा आणि सुटे भाग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

काढण्यापूर्वीची नोंद

पहिले काम म्हणजे बॅटरीची अर्थची तार काढणे. ज्या गाडीत अँमीटर, म्हणजे विजेचा प्रवाह मोजणारा मीटर, आहे तिथे ही पायरी विशेष महत्त्वाची आहे, कारण स्टार्टर वगळता गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह अँमीटरमधून जातो आणि त्याच्या मागच्या स्क्रूंना पाना अडकून बॉडीला लागला तर मध्ये फ्यूज नसल्याने वायरिंग क्षणात पेट घेऊ शकते. तार काढताना बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडलेले आहे हेही लिहून ठेवावे. जुन्या ब्रिटिश वळणाच्या काही गाड्यांमध्ये धन टोक बॉडीला असते आणि ही एक नोंद पुढे दोन ठिकाणी लागणार आहे.

नंतर मागच्या प्रत्येक वायरचा फोटो काढावा आणि तिच्यावर कागदी चिठ्ठी चिकटवावी. ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये रंगांना अर्थ आहे: हिरवी म्हणजे किल्ली फिरवल्यावर फ्यूजमधून येणारा पुरवठा, काळी म्हणजे अर्थ, हिरवी-काळी इंधनाच्या टाकीकडे जाणारी, हिरवी-निळी तापमानाच्या सेन्सरकडे, तांबडी-पांढरी मीटरच्या दिव्यांची. पण पन्नास वर्षांत गाडी चार-पाच वायरमनच्या हाताखालून गेलेली असते आणि त्यांनी त्या दिवशी दुकानात जो रंग होता तो वापरलेला असतो. म्हणून रंगावर विश्वास ठेवण्यापेक्षा चिठ्ठीवर ठेवावा.

ओडोमीटरच्या, म्हणजे एकूण अंतर मोजणाऱ्या मीटरच्या, आकड्याचाही तारखेसह फोटो ठेवावा. मीटर उघडल्यावर आकडे मागे नेणे सोपे असते आणि नेमके म्हणूनच ते करू नये. चाके निखळून आकडा हललाच तर मूळ आकड्यावर आणून बसवावा आणि मीटर बदलावा लागला तर जुना आणि नवा आकडा एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून स्वतंत्र ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. गाडी त्या वयाची असेल, मग पाटी एमएच-०४ ची असो वा एमएच-४३ ची, मूळ मीटर आणि त्याची अखंड नोंद जपण्याला आणखी एक कारण मिळते.

गाडीतच करायच्या चाचण्या

एकाच वेळी इंधन आणि तापमान असे दोन्ही काटे चुकीचे दाखवू लागले तर दोन्ही मीटर एकदम बिघडल्याची शक्यता फार कमी. अशा वेळी संशय घ्यायचा तो दोघांच्या सामाईक गोष्टींवर, म्हणजे क्लस्टरच्या (एकत्र बसवलेल्या मीटरच्या संचाच्या) अर्थवर आणि व्होल्टेज स्टॅबिलायझरवर. अर्थ तपासायला मीटरच्या धातूच्या कवचाला एक वायर जोडून तिचे दुसरे टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवावे. काटे लगेच ताळ्यावर आले तर सगळी दुरुस्ती म्हणजे एक स्क्रू काढून त्याखालचा गंज पॉलिश पेपरने घासणे एवढीच.

स्टॅबिलायझर थोडा समजून घ्यावा लागतो. १९६० च्या दशकापासून ब्रिटिश वळणाच्या अनेक गाड्यांत इंधन आणि तापमानाचे मीटर बायमेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेल्या, पट्टीचे आले. पट्टीभोवती गुंडाळलेली तार तापते, पट्टी वाकते आणि काटा हलतो. बॅटरीचे व्होल्टेज इंजिनाच्या वेगाबरोबर वरखाली होते, त्यामुळे या मीटरना सरासरी १० व्होल्ट देणारी एक डबी बसवलेली असते. तिच्या आतही एक बायमेटल पट्टी असते, जी प्रवाह सतत तोडते आणि जोडते. मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारे उपकरण) लावला तर आकडा स्थिर न राहता उड्या मारतो आणि तेच तिचे निरोगी असण्याचे लक्षण आहे. आकडा सलग १२ च्या वर राहिला तर डबीचे स्पर्शक चिकटले आहेत किंवा तिला अर्थ मिळत नाही, आणि मीटर जळण्याच्या वाटेवर आहेत. याच कारणासाठी असे मीटर तपासताना त्यांना थेट १२ व्होल्ट कधीही देऊ नयेत. बिघडलेल्या डबीच्या जागी ७८१० जातीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन कपॅसिटरसह जुन्याच कवचात बसवता येतो, आणि तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळ किमतीत मिळतो. मात्र गाडीचे धन टोक बॉडीला असेल तर हा चालत नाही, तिथे ७९१० लागतो. मघाशी लिहून ठेवलेली नोंद लागते ती इथे.

आता इंधनाचा काटा. किल्ली फिरवल्यावर तो कसा हलतो हे पाहावे. सावकाश, काही सेकंद घेत वर चढला तर मीटर बायमेटल जातीचा आहे. झटकन उडी मारून थरथरला तर आत तारेच्या दोन गुंडाळ्यांचा जुना प्रकार आहे. ब्रिटिश मीटरमध्ये या दोघांची वागणूक परस्परविरुद्ध असते. टाकीवरची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवली तर बायमेटलचा काटा ‘भरलेली’ बाजूकडे जातो, तर जुन्या प्रकारात तो ‘रिकामी’कडे येतो आणि वायर मोकळी सोडली की ‘भरलेली’कडे जातो. हा फरक माहीत नसल्यामुळे धडधाकट मीटर भंगारात गेलेले पाहिले आहेत. वायर टेकवताना ठिणगी उडू शकते, म्हणून टाकीचे झाकण बंद असावे आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे; डिकीच्या अस्तराखाली वास येत असेल तर ही चाचणी तेथे न करता मीटरच्या टोकाशी करावी.

या चाचणीत मीटर बरोबर वागला तर दोष टाकीतल्या फ्लोट युनिटचा. टाकीतले पेट्रोल निम्म्याहून खाली आणून, मोकळ्या हवेत, युनिट बाहेर काढावे आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून फ्लोटचा दांडा हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तो नाहीसा होऊन पुन्हा उगवत असेल तर तिथली तार झिजलेली आहे, आणि ती जागा बहुतेक वेळा पाव टाकीच्या आसपास सापडते, कारण आपल्याकडे गाडी आयुष्यभर तेवढ्याच पेट्रोलवर चालवली जाते. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवावा; बुडबुडे आले तर तो गळका आहे. त्याच्या आत पेट्रोल शिरलेले असेल तर सोल्डरिंग आयर्न जवळ आणू नये, नवीन फ्लोट घ्यावा. युनिट परत बसवताना खालचे रबर इथेनॉल सहन करणारे, म्हणजे व्हिटॉनचे घ्यावे, कारण हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुन्या जातीचे रबर फुगते.

तापमानाचा मीटर विजेचा असेल तर इंजिनातल्या सेन्सरचा रोध थंड असताना जास्त आणि गरम पाण्यात कमी झाला पाहिजे. काही गाड्यांत मात्र मीटरपासून इंजिनापर्यंत एक बारीक तांब्याची नळी जाते, तिच्यात द्रव भरून ती कायमची बंद केलेली असते. ही नळी तुटली, दुमडली किंवा कुणी पक्कडीने कापली की तो मीटर घरी दुरुस्त होत नाही. ती इंजिनाच्या बाजूने सोडवून मीटरसह गुंडाळून बाहेर काढावी.

स्पीडोमीटरची केबल

काटा थरथरतो, कमी वेगावर उड्या मारतो किंवा डॅशबोर्डमागून टकटक येते, या तिन्ही तक्रारी केबलच्या असतात. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरणारी आतली दोरी ओढून बाहेर काढावी, रॉकेलने धुवावी आणि सपाट काचेवर ठेवून बोटांनी लाटावी. कुठे उडी मारली तर ती तिथे मुडपलेली आहे आणि ती बदलावीच लागते, सरळ करता येत नाही. चांगल्या दोरीला पातळसर ग्रीस लावावे, पण मीटरकडची सात-आठ इंच कोरडी पुसून घ्यावी. फिरणारी दोरी ग्रीस वर वर चढवत नेते आणि ते मीटरच्या आत गेले की काटा चिकटतो. जुन्या मीटरमध्ये सापडणारा काळा चिकट थर बहुतेक असाच, कुणीतरी प्रेमाने भरलेल्या ग्रीसचा असतो. केबल बसवताना कुठेही सहा इंचांहून कमी त्रिज्येचे वळण देऊ नये आणि मीटरजवळची शेवटची दोन इंच सरळ ठेवावीत.

केबल गाडीखाली असतानाच एक मोजमाप करून घ्यावे. ब्रिटिश पद्धतीच्या स्पीडोमीटरच्या डायलवर खाली बारीक अक्षरांत एक आकडा असतो: एका मैलाला किंवा किलोमीटरला केबलने किती फेरे घ्यावेत तो. केबलचे वरचे टोक मोकळे करून त्यावर पुठ्ठ्याचा बाण टोचावा, मागच्या चाकावर आणि जमिनीवर खडूची खूण करावी आणि दोघांनी मिळून गाडी सरळ रेषेत चाकाचे सहा फेरे होईपर्यंत ढकलावी. समजा गाडी ११.५ मीटर सरकली आणि बाण ७.४ वेळा फिरला, तर किलोमीटरला फेरे झाले सुमारे ६४३. डायलवर ६४० असेल तर हा मीटर या गाडीला शोभतो. आकड्यांत मोठा फरक असेल तर मीटर दुसऱ्या गाडीचा आहे, गिअरबॉक्स बदललेला आहे किंवा टायर भलत्या मापाचे आहेत, आणि मीटरच्या आतल्या स्प्रिंगशी कितीही खेळलात तरी किलोमीटर बरोबर मोजले जाणार नाहीत.

मीटर उघडणे

समोरची रिंग दोन प्रकारे बसवलेली असते. फिरवून निघणाऱ्या रिंगला तीन खाचा असतात. तिथे हेअर ड्रायरची ऊब देऊन, आतले रबर सैल करून, दोन्ही तळव्यांनी दाबत ती फिरवावी. कडा दुमडून बसवलेली रिंग मात्र घाई सहन करत नाही. पातळ, बोथट पेचकसाने कडेचा थोडा थोडा भाग उचलत मीटर फिरवत राहावे आणि तीन-चार प्रदक्षिणांत ती सोडवावी. एकाच जागी पूर्ण उचललेली कडा परत दुमडताना फाटते.

आत पोहोचण्यापूर्वी एक इशारा. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीप आणि विमानांच्या काही उपकरणांवर रात्री चमकणाऱ्या रंगात रेडियम वापरलेले आहे. तो रंग आता चमकत नसला तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. अशा डायलवरचा रंग घासू नये, फुंकू नये. शंका असली तरी तो मीटर बंदच ठेवावा.

डायलला हात लावण्याआधी तिचे फ्लॅटबेड स्कॅनरवर किमान ६०० डीपीआयचे चित्र घ्यावे. पुढे अक्षरे नव्याने छापायची झाली तर हेच चित्र सगळे वाचवते. सफाई म्हणजे आधी मऊ ब्रशने धूळ झाडणे आणि मग डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर केलेला इअरबड एका कोपऱ्यात फिरवून पाहणे. बडला काळा रंग लागला तर थांबावे. पेट्रोल, थिनर, स्पिरिट किंवा काच पुसायचे फवारे यांनी छपाई उतरते, आणि ती एका पुसण्यात उतरते. किंचित पिवळसर झालेली मूळ डायल नव्या छापलेल्या डायलपेक्षा मला नेहमीच बरी वाटते. नवी छपाई अक्षरे खरोखर नाहीशी झाली असतील तरच करावी.

आता काटा. स्पीडोमीटरमध्ये केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवतीच्या अॅल्युमिनियमच्या वाटीत भोवरा-प्रवाह निर्माण होऊन ती त्याच्या मागे खेचली जाते आणि एक केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. ही रचना स्ट्रासबर्गच्या ऑटो शुल्झ यांच्या १९०२ च्या पेटंटातली आहे. आपल्या कामाचा भाग असा की काटा शून्यावर टेकलेला दिसतो तो त्याला तिथे अडवणाऱ्या खिळ्यामुळे. स्प्रिंग त्याला त्याहून खाली ओढत असते. काटा काढण्यापूर्वी त्याला अलगद उचलून खिळ्यापलीकडे सोडावा. तो डोलत डोलत शून्याच्या खाली एका जागी स्थिरावेल. ती जागा पेन्सिलने कवचावर खूण करून ठेवावी आणि वरून फोटो घ्यावा, कारण मीटरची सगळी अचूकता त्या खुणेत आहे. मग डायलवर कागदाचे दोन तुकडे ठेवून, दोन चमच्यांच्या कडा काट्याच्या मध्याखाली समोरासमोर सरकवाव्यात आणि सारख्या जोराने सरळ वर उचलावे. एका बाजूने उचकटले की आतला दांडा वाकतो आणि दुरुस्ती तिथेच संपते. काटा रंगवायचा असेल तर अगदी पातळ थर द्यावा. जाड रंगाने त्याचा तोल बिघडतो.

आतली घाण लाकडी काडी आणि थोड्या रॉकेलने काढावी, वाटी आणि स्प्रिंग मात्र कोरडीच ठेवावी. मुख्य दांड्याच्या बुशवर (दांडा ज्यात फिरतो त्या नळीवर) घड्याळाच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने द्यावा. ओडोमीटरच्या आकड्यांच्या चाकांना तेल लागत नाही. गंज सोडवणारा फवारा आत मारण्याचा मोह तर पूर्ण टाळावा, तो धूळ धरून ठेवतो आणि आकड्यांची छपाई सैल करतो.

वेग जुळवणे

टेबलावरची चाचणी सोपी आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून ६४० आकड्याच्या मीटरला मिनिटाला ६४० फेरे दिले की काटा ६०वर आला पाहिजे आणि ३२० फेऱ्यांना ३०वर. मैलाच्या डायलवर हाच हिशोब मैलांत करावा. बॅटरीवरच्या ड्रिलला केबलचा तुकडा लावून आणि त्याच्या चकवर (पुढच्या पकडीवर) चमकती पट्टी चिकटवून टॅकोमीटरने फेरे मोजता येतात. आधी ड्रिलची दिशा तपासावी. उलट फिरवल्यास काटा खिळ्यावर आपटतो.

चूक सगळ्या वेगांना सारखीच, समजा ५ किलोमीटरने असेल तर काटा चुकीच्या जागी बसला आहे. काढून खुणेवर परत बसवावा. चूक वेगाबरोबर वाढत असेल, म्हणजे ३०ला ३ आणि ६०ला ६ कमी दाखवत असेल, तर चुंबक अशक्त झाला आहे किंवा स्प्रिंगचा ताण बदलला आहे. स्प्रिंगची पट्टी केसभर सरकवून थोडा फरक काढता येतो. त्यापलीकडे चुंबक पुन्हा भारण्याचे यंत्र लागते आणि ते काम मीटरच्या जुन्या कारागिराकडेच द्यावे.

काच, क्रोम आणि दिवे

सपाट काच ठाण्याच्या नौपाड्यातला कोणताही फ्रेमवाला कापून देईल. फुगीर काच मिळणे कठीण, म्हणून चरे असले तरी ती फेकू नये. प्लास्टिकचे भिंग २००० आणि मग ३००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून पॉलिश करता येते. रिंगच्या प्लेटिंगसाठी वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे पट्ट्यात कारखाने आहेत, पण ते मोठ्या लॉटची कामे करतात आणि लहान भाग त्यात हरवतात. प्रत्येक रिंगला तार आणि धातूचा बिल्ला बांधून, फोटो दाखवून द्यावी आणि दुमडायची कडा पॉलिशच्या चाकाने पातळ करू नका, असे बजावून सांगावे.

कवचाचा आतला भाग मूळचा पांढरा किंवा फिकट असतो, कारण दिव्याचा उजेड त्यावरून परतून डायलवर पडतो. तो पिवळा पडला असेल तर मॅट पांढरा मारावा. निम्मे ‘मंद दिवे’ तेवढ्यानेच उजळतात. एलईडी बल्ब लावायचे असतील तर ध्रुव जपावा, धन टोक बॉडीला असलेल्या गाडीत साधा एलईडी पेटणार नाही. चार्जिंगच्या इशारा-दिव्याला मात्र मूळ बल्बच ठेवावा. अल्टरनेटर बसवलेल्या अनेक गाड्यांत त्या बल्बमधून जाणाऱ्या प्रवाहानेच चार्जिंग सुरू होते आणि एलईडीतून तेवढा प्रवाह जात नाही.

काच बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नये, त्यातून सुटणारे आम्ल आतला धातू खाते. रबराची नवी रिंग पुरते. मागची बारीक छिद्रेही बुजवू नयेत, मीटरला श्वास घ्यायला ती ठेवलेली असतात.

सगळे जोडून झाल्यावर रविवारी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर एक फेरी मारावी. शेजारी बसलेल्याने फोनवरच्या जीपीएसचा वेग वाचावा, चालवणाऱ्याने काट्याचा सांगावा, आणि २०, ४०, ६० या तीन वेगांचा फरक एका कार्डावर लिहून ते ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावे. पहिल्या पावसात काचेच्या आतून धुके दिसले तर मीटर लगेच पुन्हा उघडू नये. आधी समोरच्या काचेचे रबर तपासावे, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच डॅशबोर्डमागे उतरते.